नाट्यगृहाचे संकेतस्थळ कसे पारखावे?

विद्यार्थिमित्रांनो, समजा तुम्ही राधानगरीत राहता आणि येत्या रविवारी कोल्हापुरात एक चांगले नाटक लागले आहे, असे तुमच्या कानावर आले. घरातील चार माणसांनी जायचे ठरविले. कोल्हापूर येथून सुमारे पन्नास किलोमीटर. जाण्यायेण्याचे भाडे, तिकिटे, चहाफराळ असा खर्च आणि जवळजवळ सबंध दिवस यासाठी द्यावयाचा. तेव्हा घरातून पाऊल उचलण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. प्रयोग नक्की आहे ना? किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता संपणार? तिकीट केवढ्याचे, आणि ते मिळेल कोठे? नाटक सुटल्यावर परतीची एसटी सापडेल का? आजी बरोबर आहे, तिला किती पायऱ्या चढाव्या लागतील?

नाट्यगृहाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ही उत्तरे सहज मिळतात. तो चालत तिकीटखिडकीपर्यंत जातो, बाहेरचा फलक वाचतो, खिडकीतील माणसाला विचारतो. पन्नास किलोमीटरांवरच्या माणसाला हे शक्य नसते. त्याचा पूर्वीपासूनचा आधार म्हणजे वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती. त्या लहान चौकोनी जाहिराती एकदा नीट पाहा. नाटकाचे नाव, वार, तारीख, वेळ, नाट्यगृह आणि तिकीटविक्री केव्हापासून, एवढाच मजकूर. जागेचे पैसे मोजावे लागतात, म्हणून तेथे एकही शब्द रिकामा बसत नाही.

आता या जाहिरातीच्या जोडीला संकेतस्थळ आले आहे. तेथे जागेची टंचाई नाही, म्हणून शब्दांची काटकसरही नाही. स्वागताचा मजकूर, सरकती चित्रे, उद्घाटनांची छायाचित्रे यांची गर्दी होते आणि "रविवारी नाटक किती वाजता?" या प्रश्नाचे उत्तर त्या गर्दीत हरवते. एखादे संकेतस्थळ चांगले की वाईट हे "मला आवडले" किंवा "मला आवडले नाही" असे म्हणून ठरवावयाचे का? की प्रयोगशाळेत करतो तशी मोजमापे घेऊन ते ठरविता येईल? ती घेता येतात. कशी, ते या लेखात पाहू.

संकेतस्थळ हे एक उपकरण

प्रयोगशाळेत नवा व्होल्टमीटर आला तर आपण त्याच्या पेटीची चकाकी पाहून तो पसंत करीत नाही. तो बरोबर वाचन देतो का, लवकर देतो का, काटा स्पष्ट दिसतो का, हे पाहतो. संकेतस्थळ हेही माहिती देणारे एक उपकरण आहे, आणि त्याच्या जन्मकथेवरूनही हेच दिसते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जगभरचे शास्त्रज्ञ येत, काही काळ काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर पुष्कळशी माहितीही निघून जाई. हे थांबावे म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एकमेकांना जोडलेल्या पानांची योजना मांडली. तीतूनच आजचे वेब निर्माण झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सर्वांना विनामूल्य खुले केले. पहिल्या संकेतस्थळावर चित्रे नव्हती. मजकूर होता आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे होते. ज्याला माहिती हवी त्याला ती सापडावी, एवढाच त्याचा हेतू.

शेवटच्या रांगेची कसोटी

उदाहरणासाठी आपण कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१३ ते १९१५ या काळात खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधविले. तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर होते. ललितकलादर्श या नाटक मंडळीचे संस्थापक, गायक नट केशवराव भोसले यांचे नाव त्याला पुढे १९५७ साली देण्यात आले. हे नाट्यगृह कोल्हापूर महानगरपालिकेच्या ताब्यात आहे.

हे नाट्यगृह उभे राहिले तेव्हा रंगमंचावर ध्वनिवर्धक नव्हते. नटाचा आवाज नुसत्या हवेतून शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागे. अशा सभागृहाची परीक्षा पहिल्या रांगेत बसून होत नाही. पहिल्या रांगेत कोणाचाही आवाज ऐकू येतो. परीक्षकाने शेवटच्या रांगेत, तीही कोपऱ्यातल्या खुर्चीवर, जाऊन बसले पाहिजे. तेथे शब्द स्पष्ट ऐकू आला तर तो सगळीकडे ऐकू येईल.

संकेतस्थळालाही हेच लागू आहे. ते तयार करणारा शहरात असतो. त्याच्यापुढे मोठा संगणक असतो, इंटरनेटचा वेग उत्तम असतो आणि नाट्यगृहाची सगळी माहिती त्याला आधीच असते. तो पहिल्या रांगेत बसला आहे. शेवटच्या रांगेत आहे तो राधानगरीचा प्रेक्षक. त्याच्या हातात लहान मोबाईल आहे, डोंगराच्या आडोशाला रेंज कधी येते कधी जाते, आणि नाट्यगृह त्याने कदाचित पाहिलेलेही नाही. संकेतस्थळाची कसोटी त्याच्या जागेवरून घेतली पाहिजे. समजा, या नाट्यगृहाचे संकेतस्थळ पारखण्याचे काम तुमच्या वर्गाकडे आले. तर पुढील चार कसोट्या लावा.

पहिली कसोटी : उत्तर सापडते का?

प्रथम पाच प्रश्न कागदावर लिहा. (१) येत्या रविवारी कोणता कार्यक्रम आहे व तो केव्हा सुरू होतो? (२) तो साधारण केव्हा संपेल? (३) सर्वांत कमी दराचे तिकीट केवढ्याचे? (४) पायऱ्या न चढता खुर्चीपर्यंत जाता येते का? (५) चौकशीसाठी दूरध्वनी क्रमांक कोणता?

आता पाच माणसे निवडा. सगळी एकाच प्रकारची नकोत. एखादा आठवीतला विद्यार्थी, एखादे शिक्षक, एखादी आजी, एखादा दुकानदार, एखादे शेतकरी काका अशी निवड करा. एकेकाला स्वतंत्र बोलवा. त्याच्या हातात त्याचाच मोबाईल असू द्या. त्याला आधीच सांगा, "काका, परीक्षा तुमची नाही, या पानाची आहे." मग एकेक प्रश्न वाचा आणि उत्तर मिळेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजा. मध्ये बोलू नका, बोट दाखवू नका. तो कोठे थबकला, कोणत्या शब्दाने फसला, हे फक्त टिपून ठेवा. तीन मिनिटांत उत्तर सापडले नाही तर "सापडले नाही" असे लिहा आणि पुढे जा.

समजा, पहिल्या प्रश्नाला पाच जणांना २०, २५, ३०, ४० आणि १६० सेकंद लागले. (हे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत.) यांची बेरीज २७५, म्हणून सरासरी ५५ सेकंद. परंतु पाचांपैकी चौघांना ५५ सेकंदांहून बराच कमी वेळ लागला आहे! एका मोठ्या आकड्याने सरासरी ओढून नेली. अशा वेळी मध्यक पाहावा, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा पाहावा. येथे तो ३० सेकंद आहे. "नेहमीच्या माणसाला किती वेळ लागतो" याचे उत्तर मध्यक अधिक चांगले देतो.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेत पाच वाचनांतील एक फार वेगळे आले तर ते चूक समजून वगळण्याचा मोह होतो. येथे ते १६० सेकंदांचे वाचन सर्वांत मोलाचे आहे. तोच शेवटच्या रांगेतला प्रेक्षक. त्याला इतका वेळ का लागला, याचा शोध घेतला की संकेतस्थळाचा खरा दोष हाती लागतो.

पाचच माणसे पुरेत का, अशी शंका कोणी घेईल. जेकब नीलसेन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ साली या प्रश्नाचा गणिती विचार केला. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष उघड होत होते. म्हणजे एखादा दोष एका चाचणीतून निसटण्याची संभाव्यता ०.६९. दोन्ही चाचण्यांतून निसटण्याची ०.६९ × ०.६९ = ०.४८. पाचही चाचण्यांतून निसटण्याची ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१६. याचा अर्थ पाच माणसांत सुमारे ८४ टक्के दोष सापडतात. हा ३१ चा आकडा सर्वत्र तोच राहील असे नाही, पण विचाराची दिशा उपयोगी आहे. एकदम दहा माणसांची चाचणी घेण्यापेक्षा पाचांची घ्यावी, दोष दुरुस्त करावेत आणि मग नव्या पाचांची घ्यावी. नवी माणसे का? कारण जुन्यांना वाट माहीत झालेली असते.

दुसरी कसोटी : पान किती जड आहे?

आता रेंज कमी असलेल्या ठिकाणचा विचार करू. संगणकात प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरीची चिन्हे युनिकोड या जागतिक पद्धतीत बसविलेली आहेत, आणि नेहमीच्या साठवणुकीत अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, वेलांटी, मात्रा ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. "राधानगरी" या शब्दात र, काना, ध, काना, न, ग, र आणि वेलांटी अशी ८ चिन्हे आहेत. म्हणजे २४ बाइट झाले.

समजा, रविवारच्या कार्यक्रमाची सगळी माहिती ५०० चिन्हांत मावते. तिला लागणारी जागा १५०० बाइट, म्हणजे १२,००० बिट. हीच माहिती पुष्कळ ठिकाणी रंगीत पोस्टरचे छायाचित्र म्हणून चढविलेली असते. ते छायाचित्र ३ मेगाबाइटचे असेल तर ते सुमारे २ कोटी ४० लाख बिट झाले. तुमच्या मोबाईलला त्या वेळी सेकंदाला ४ लाख बिट इतकाच वेग मिळत असेल, तर

मजकुराला लागणारा वेळ = १२,००० ÷ ४,००,००० = ०.०३ सेकंद

छायाचित्राला लागणारा वेळ = २,४०,००,००० ÷ ४,००,००० = ६० सेकंद

माहिती तीच, पण ओझे २००० पट! प्रत्यक्षात पान मागविणे, उत्तर येणे यात आणखी थोडा वेळ जातो, तरी फरक एवढाच मोठा राहतो. शहरात सेकंदाला ४ कोटी बिट वेग असेल तर तेच छायाचित्र ०.६ सेकंदात उतरते. म्हणून ते चढविणाऱ्याला कधीच त्रास जाणवत नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाला शेवटच्या रांगेचे दुःख कळत नाही ते असे.

मग छायाचित्रे घालूच नयेत का? अवश्य घालावीत, पण मापाने. मोबाईलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात ४००० × ३००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. परंतु पाहणाऱ्याच्या मोबाईलच्या पडद्याची रुंदी १०८० बिंदूंची असेल, तर त्यावर १०८० × ८१० म्हणजे पावणेनऊ लाख बिंदूंहून अधिक बिंदू दिसणारच नाहीत. चित्र आधीच लहान करून चढविले तर बिंदूंची संख्या जवळजवळ चौदाव्या हिश्श्यावर येते आणि डोळ्याला काहीही कमी दिसत नाही.

पोस्टरच्या चित्रात आणखी एक दोष आहे. शोधयंत्रात "रविवार नाटक कोल्हापूर" असे लिहून शोधले, तर मजकूर म्हणून लिहिलेले शब्द सापडतात. चित्रातील शब्द सापडतीलच याची खात्री नसते. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी फाँटची चिन्हांची मांडणी वेगळी असे आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराऐवजी अगम्य चिन्हे दिसत. म्हणून मजकुराचे चित्र करून टाकण्याची सवय पडली. कारण गेले, पण सवय राहिली.

तिसरी कसोटी : वाचता येते का?

नाट्यगृहाच्या पानाला काळी पार्श्वभूमी देण्याची हौस असते. प्रेक्षागृहातील अंधार आठवावा, हा हेतू. त्यावर निळी किंवा लाल अक्षरे काढली जातात. ती वाचता येतात की नाही, हेही मोजता येते.

आपल्या डोळ्याला सर्व रंग सारखेच तेजस्वी दिसत नाहीत. पडद्यावरील पांढऱ्या प्रकाशाची तेजस्विता १ धरली, तर तिच्यात हिरव्याचा वाटा ०.७१५२, लाल रंगाचा ०.२१२६ आणि निळ्याचा केवळ ०.०७२२ असतो. दोन रंगांतील विरोध काढण्यासाठी प्रत्येकाच्या तेजस्वितेत ०.०५ मिळवावे आणि मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे. पांढरा व काळा यांचा विरोध १.०५ ÷ ०.०५ = २१ येतो. ही सर्वांत मोठी किंमत. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी तो निदान ४.५ असावा, असा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आता काही जोड्या पाहा :

काळ्यावर पिवळा : १९.६
काळ्यावर लाल : ५.३
पांढऱ्यावर लाल : ४.०
काळ्यावर निळा : २.४
पांढऱ्यावर पिवळा : १.१

काळ्यावर निळी अक्षरे दिमाखदार दिसली तरी कसोटीला उतरत नाहीत. त्यात भर दुपारच्या उन्हात, एसटीच्या थांब्यावर उभे राहून मोबाईल पाहिला, तर पडद्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश दोन्ही रंगांत मिसळतो आणि विरोध आणखी घटतो.

रंगाबाबत दुसरी काळजी आसनांच्या नकाशात घ्यावी लागते. नाटकवाले त्याला "प्लॅन" म्हणतात. विकलेल्या खुर्च्या लाल आणि शिल्लक खुर्च्या हिरव्या, असा प्लॅन पुष्कळदा असतो. परंतु काही जणांना लाल आणि हिरवा यांतील फरक कळत नाही. हे वैगुण्य क्ष-गुणसूत्रावरून येत असल्याने मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळते. विकलेल्या खुर्चीवर फुली मारली तर रंग न ओळखणाऱ्यालाही ती कळेल. खुर्चीचे चौकोनही बोटाने नेमके दाबता येतील एवढे मोठे हवेत. नाहीतर चवथी खुर्ची दाबावी आणि पाचवी निवडली जावी, असे होते.

ज्यांना मुळीच दिसत नाही अशी माणसेही नाटकाला जातात. नाटक ऐकण्याचाही आनंद असतोच. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणाली त्यांच्या मोबाईलवर असतात. पण पोस्टरचे चित्र आले आणि त्याला शब्दांत वर्णन जोडलेले नसले की ती प्रणाली नुसते "चित्र" एवढेच सांगून पुढे जाते. शासकीय संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून भारत सरकारने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही माहिती सर्वांना मिळण्याजोगी असण्यावर भर दिला. महानगरपालिकेच्या नाट्यगृहाच्या बाबतीत ही कसोटी ऐच्छिक मानता येणार नाही.

चौथी कसोटी : माहिती आजची आहे का?

ही कसोटी सर्वांत सोपी दिसते, पण सर्वाधिक घात येथेच होतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली आणि वास्तूची मोठी हानी झाली. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, हा केशवरावांचा जन्मदिवस. पुनर्बांधणीचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. आता माहितीच्या दृष्टीने या घटनेकडे पाहा. या नाट्यगृहाविषयी ७ ऑगस्टला जे पान अगदी बरोबर होते, ते ९ ऑगस्टला, त्यातील एकही अक्षर न बदलता, चुकीचे झाले. म्हणजे पान बरोबर आहे की नाही हे केवळ त्या पानावरून ठरत नाही. ते केव्हाचे आहे, हेही कळले पाहिजे. तापमानाचे वाचन लिहिताना आपण वेळ लिहितो, ती याचसाठी.

याचा एक चांगला नमुना राधानगरीतच आहे. शाहू महाराजांनीच उभारणी सुरू केलेल्या तुमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात त्याची वार्ता कशी येते? दरवाजाचा क्रमांक, उघडल्याची वेळ आणि विसर्ग, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट. दरवाजा बंद झाला की तेही वेळेसह कळविले जाते. एवढ्या दोन ओळींवर भोगावती आणि पंचगंगेच्या काठची माणसे आपापले निर्णय घेतात. "धरण परिसरात आपले स्वागत असो" असे तेथे कोणी लिहीत नाही. क्रमांक, वेळ, परिमाण आणि बदल झाल्यास लगेच नवी सूचना, ही चांगल्या माहितीची लक्षणे येथे एकत्र दिसतात.

यावरून नाट्यगृहाच्या पानासाठी तीन नियम निघतात. पहिला, प्रत्येक पानावर "शेवटचा बदल" अशी तारीख व वेळ असावी. दुसरा, होऊन गेलेला कार्यक्रम पहिल्या पानावरून निघून जावा. तिसरा, रद्द झालेला प्रयोग नुसता पुसू नये, त्यापुढे "रद्द" असे स्पष्ट लिहावे आणि तिकिटाचे पैसे कोठे परत मिळतील तेही सांगावे. कारण पानावर प्रयोगाचे नाव नसण्याचे दोन अर्थ होतात. प्रयोग रद्द झाला, किंवा कोणी तो नोंदविलाच नाही. राधानगरीच्या माणसाने यांतला कोणता अर्थ घ्यावा? नाट्यगृहच बंद असेल तर "अमुक तारखेपासून बंद" हे वाक्य पानावर सर्वांत वर हवे.

सुधारणा कशी करावी?

दोष सापडले की एकाच वेळी सगळे बदलू नका. प्रयोगात आपण एक राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. येथेही तसेच करा. प्रथम पोस्टरच्या चित्राशेजारी मजकूर लिहा आणि नव्या पाच जणांकडून वेळ मोजा. मध्यक घटला तर तो बदल ठेवा. मग पुढचा दोष घ्या. एकदम पाच बदल केले आणि वेळ कमी झाला, तर श्रेय कोणत्या बदलाचे ते कळणार नाही. वाढला तर दोष कोणाचा तेही कळणार नाही.

मोबाईलवर पान उघडताच, बोटाने वर न सरकविता, जेवढे दिसते तेवढ्यात पुढील गोष्टी बसवा : कार्यक्रमाचे नाव, वार व तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, तिकिटाचे दर, तिकीट मिळण्याचे ठिकाण व खिडकीची वेळ, दूरध्वनी क्रमांक आणि शेवटचा बदल. संपण्याची वेळ बहुतेक ठिकाणी नसते. शेजाऱ्याला तिची गरज नाही, पण ज्याला शेवटची एसटी गाठायची आहे त्याला सुरू होण्याच्या वेळेइतकीच ती महत्त्वाची.

नाट्यगृहाचे नावही विचारपूर्वक लिहावे. कोणी "पॅलेस थिएटर" म्हणेल, कोणी "केशवराव भोसले नाट्यगृह", कोणी नुसतेच "केशवराव". ही सर्व नावे मजकुरात आली तर शोधणाऱ्याला पान सापडेल. पत्त्यात "खासबाग मैदानाला लागून" ही खूण घातली तर नवखा माणूस रिक्षावाल्याला ती सांगू शकेल.

प्रेक्षकाखेरीज आणखी एक वाचक असतो. तो म्हणजे प्रयोग घेऊन येणारी नाट्यसंस्था, किंवा स्नेहसंमेलनासाठी सभागृह ठरविणारी शाळा. त्यांचे प्रश्न निराळे असतात. रंगमंचाची रुंदी, खोली व उंची किती? नेपथ्याचे सामान कोणत्या दाराने आत येते? रंगपटाच्या खोल्या किती? विजेची सोय केवढी? समजा, एखाद्या संस्थेला १००० वॅटचे २० दिवे लावावयाचे आहेत. एकूण शक्ती २०,००० वॅट. हे सर्व २३० व्होल्टच्या एकाच फेजवर टाकले तर प्रवाह २०,००० ÷ २३० म्हणजे सुमारे ८७ अँपिअर होईल! तीन फेजवर सारखा वाटला तर प्रत्येकीवर सुमारे २९ अँपिअर. तेव्हा "विजेची उत्तम सोय" या शब्दांचा उपयोग नाही. किती फेज आणि प्रत्येकीवर किती अँपिअर, हे आकडे हवेत. चुकीच्या समजुतीवर जादा भार टाकणे किती धोक्याचे, हे तुम्ही विद्युत्‌धारेच्या पाठात शिकलाच आहात. हे सर्व स्वतंत्र पानावर द्यावे आणि पहिल्या पानावर त्याचा ठळक दुवा असावा.

वास्तूचा इतिहास, जुनी छायाचित्रे, केशवरावांची माहिती यांनाही जागा हवीच. तो कोल्हापूरचा अभिमानाचा ठेवा आहे. पण तो दुसऱ्या पानावर शोभेल. प्रेक्षक नाटकाला येऊन बसला की इतिहास आवडीने वाचील. आधी त्याला तेथपर्यंत पोचू द्या.

या चार कसोट्यांनी सर्व काही मोजता येते असे मात्र नाही. पान देखणे असावे, त्यावर त्या गावाची छाप असावी, या गोष्टी घड्याळाने मोजता येत नाहीत. परंतु जे पान माहिती देत नाही त्याचे देखणेपण वाया जाते. नाट्यगृहात रिकाम्या राहिलेल्या काही खुर्च्या अशा प्रेक्षकांच्या असतात, ज्यांना नाटक पाहावयाचे होते पण वेळेवर उत्तर मिळाले नाही. तुमच्या मोजमापांनी त्यांतील दोन-चार जरी भरल्या तरी नटांना आणि प्रेक्षकांनाही त्याचा लाभ होईल.

करून पाहा

१. महाराष्ट्रातील कोणत्याही एका नाट्यगृहाचे संकेतस्थळ निवडा. वरील पाच प्रश्न पाच जणांना विचारून वेळांचा तक्ता करा. सरासरी व मध्यक काढा. दोहोंत मोठा फरक असल्यास त्याचे कारण शोधा.

२. तेच पान घरात, शाळेत आणि रेंज कमी असलेल्या जागी उघडा. पूर्ण दिसू लागेपर्यंतचा वेळ तिन्ही ठिकाणी मोजा.

३. लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरे असतील तर विरोध किती? (उत्तर : ०.२६२६ ÷ ०.१२२२ = सुमारे २.१)

४. एका चाचणीत सरासरी २० टक्केच दोष सापडत असतील, तर पाच माणसांत किती टक्के सापडतील? (उत्तर : सुमारे ६७ टक्के)

५. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची सूचना ५०० चिन्हांत लिहा. आजीला आणि पाहुण्याला पडणारे सर्व प्रश्न तीत सुटले पाहिजेत.

शिक्षकांसाठी : हा उपक्रम दोन तासिकांत होण्याजोगा आहे. निष्कर्ष लिहिताना विद्यार्थ्यांनी संबंधित संस्थेवर टीका करण्याऐवजी मोजमापांचा तक्ता, सापडलेला दोष आणि सुचविलेला बदल अशा क्रमाने अर्ध्या पानाचे पत्र तयार करावे आणि शाळेमार्फत त्या संस्थेकडे पाठवावे. आकड्यांसह लिहिलेल्या नम्र पत्राकडे दुर्लक्ष करणे अवघड असते.